पाण्यात न टाकलेल्या बारा सळ्या

ज्योतीरामने भोसरीत चौतीस वर्षं पोलाद तापवलं. भट्टीतला रंग पाहून तो तापमानाचा आकडा सांगायचा आणि मीटर मागून हो म्हणायचा. अशा माणसाने रिटायर होऊन दिघीच्या दोन खोल्यांत स्वस्थ बसणं अवघडच. पण चाकणच्या एका छोट्या कंपनीत तो पुन्हा भट्टीवर रुजू झाला तो वेळ घालवायला नव्हे, बायकोसाठी.

इंदुताईच्या उजव्या खुब्यात नऊ वर्षांपूर्वी टायटॅनियमचा दांडा बसवला होता. दांडा ठणठणीत होता, हाडच विरत गेलं. धातू इतका ताठ की चालताना सगळा भार तोच पेलायचा, आणि काम न उरलेलं हाड आतून पोकळ होत गेलं. आता दांडा हलत होता. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "उरलंय तेवढं हाड एकदाच पुरेल. पुन्हा तसलाच दांडा घातला, तर पुढच्या वेळी धरायला काही राहणार नाही."

त्या कंपनीत विजयश्री मॅडम हाडासारखा थोडा लवणारा टायटॅनियम घडवत होत्या. त्यात कोणता धातू किती मिसळायचा, यासाठी त्यांनी सहा वर्षं डोकेफोड केली होती. जुन्या धातूच्या ताठपणाचा आकडा एकशे दहा, मॅडमना हवा होता पंचावन्नच्या आसपास. बारा सळ्यांची तपासणी पार पडली की दवाखान्यात चाचणी सुरू होणार होती. पहिल्या दहा रुग्णांत इंदुताईचं नाव होतं.

सळ्या भट्टीत गेल्या त्या नेमक्या खंडेनवमीला. मॅडम दवाखान्यात बैठकीला गेलेल्या. अकराला यंत्रांची पूजा आणि मग सुट्टी. ज्योतीरामने मॅडमनी लिहून ठेवलेलं जॉब कार्ड वाचलं, 'भट्टीतून काढताच पाण्यात.' त्याने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पाण्यात? विळ्याला पाणी देतात ते धार कडक व्हावी म्हणून. मऊ करायचं तर धातू भट्टीतच सावकाश निवू द्यायचा, हे कालचा शिकाऊसुद्धा सांगेल. मॅडम हुशार, पण पुस्तकातल्या. घाईत उलटं लिहून बसल्या. फोन करावा असं मनात आलं. पण चार मोठ्या डॉक्टरांसमोर बाईमाणसाला तिची चूक कशी ऐकवायची? मग त्याने ती परस्पर झाकली. भट्टी बंद केली, सळ्या आतच ठेवल्या, दाराला हळदकुंकू लावून हात जोडले. इंदूसाठी आपण काहीतरी केलं, असं त्याला त्या दिवशी फार वाटलं.

दसरा झाल्यावर चौथ्या दिवशी आकडा आला. ब्याऐंशी. बाराही सळ्या तशाच.

विजयश्री खुर्चीत मागे टेकल्या. "म्हणजे माझं मिश्रणच चुकलं, काका. सहा वर्षं फुकट गेली. बंद करते मी हे."

ज्योतीराम गप्प बसला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"मॅडम, मिश्रण न्हाई चुकलं. सळ्या मी पाण्यात टाकल्याच न्हाईत. भट्टीतच निवू दिल्या, मऊ व्हाव्यात म्हणून."

"काका, हे पोलाद नाही. ह्याचं उलटं असतं. सावकाश निवला की हा ताठ होतो, झटकन पाण्यात गेला तर मऊ राहतो. मला एक फोन करायचात ना हो."

तपासणीत नापास झालेल्या सळ्या पुन्हा तापवून रुग्णांसाठी वापरायला नियमाने बंदी होती, आणि नवं मिश्रण ओतून यायला आठ महिने लागणार होते. इंदुताईचा खुबा दोन महिनेही थांबणार नव्हता. मॅडमनी शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. इंदुताई कॉटवर पाय उशीवर ठेवून पडली होती.

"लिहिलेलं वाचलं व्हतं ना तुमी?"

"व्हय."

"मग माझ्या पायावर कशाला हुशारी चालवली?" असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून रडली. ज्योतीराम दारात बसून राहिला. ज्या हाताचा आयुष्यभर तोरा मिरवला, त्या हाताची त्याला किळस आली.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. जुन्याच धातूचा दांडा बसला, आधीपेक्षा जाड आणि लांब.

पुढच्या आषाढात नव्या सळ्या आल्या. ज्योतीरामने त्या भट्टीतून काढल्या आणि तीन सेकंदांत पाण्यात घातल्या. आकडा आला छप्पन्न. मॅडमना रडू आवरेना, कंपनीभर पेढे वाटले. आपला पेढा कागदात गुंडाळून तो घरी आला.

इंदुताई वॉकर धरून ओट्याशी उभी होती. "किती आलं?"

"छप्पन्न."

"आन माझ्यात हाय त्येचं?"

त्याला खोटं बोलवेना. "एकशे दहा."

"म्हंजी माझं हाड आता बसून खानार," ती म्हणाली, "आन एक दिस सरनार."

ज्योतीराम तिच्या पायाशी बसला आणि मोठ्याने रडला. तिने एक हात वॉकरवरून काढून त्याच्या डोक्यावर ठेवला, पण 'जाऊ द्या' असं काही ती म्हणाली नाही.