मुकी पट्टी

शहागडला, गोदावरीच्या पात्रात, तातेरावाचं गाणं आपटलं. आपटलं तेही त्याच्याच गावात. शूटिंगसाठी भोंग्यावर टेप लागली, नायिका घागर घेऊन नाचली, कापूस वेचायचं सोडून आलेली दोनशे माणसं तिच्याकडे टक लावून बघत राहिली. पण एकाचीही मान हलली नाही. टेप संपल्यावर बायांनी नायिकेच्या साडीचा पोत ठरवायला घेतला, पुरुषांनी तिचं वय. गाण्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

चित्रपटाचे निर्माते काकासाहेब मूळचे जालन्याचे जिनिंगवाले. सारा जन्म कापसातून सरकी काढण्यात गेलेला, सिनेमात हात पहिल्यांदाच घातलेला. त्यांनी तातेरावाला गाडीच्या सावलीत बोलावलं.

"तातेराव, गाणं बराबर हाय. सूर बराबर, ताल बराबर. पण अंगात येत न्हाई. मला गाण्यातलं कळत न्हाई, पण बोंडात रुई किती अन् सरकी किती, ते मी नुसतं दाबून सांगतो. ह्यात सरकीच जास्ती हाय."

"मंग?"

"मंग काय? दुपारी मी मुंबईला निघून राह्यलो. दुसऱ्या संगीतकाराला विचारून ठिवलंय. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट कसं वाटून घ्यायचं नाही? तातेरावाचं वय बेचाळीस. त्यातली सोळा वर्षं मुंबईत दुसऱ्यांच्या गाण्यांना पेटी वाजवण्यात गेली. त्याने बांधलेल्या चार चाली गाजल्या, पण पडद्यावर नाव आलं ते भलत्याचंच. ते वाचता वाचता त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले. या चित्रपटात पहिल्यांदा 'संगीत' या शब्दापुढे त्याचं नाव येणार होतं, आणि आता दुपारपर्यंत तेही जाणार होतं.

"पण ही चाल तुम्हाला सुचली कुठं?" काकासाहेबांनी विचारलं.

"हितंच. आमच्या बौद्धवाड्यात. भावाची गायन पार्टी हाय, तिच्यात."

"तर मंग जाता जाता तिथं एकदा ऐकू. दहा मिनटं. त्याच्या वर न्हाई."

आता त्या गायन पार्टीच्या पेटीची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं त्या पेटीतच होतं.

छप्पन साली धम्म घेतल्यावर वाड्याने गायन पार्टी काढली आणि कुठून तरी एक जुनी पेटी मिळवली. पहिल्याच जयंतीला कार्यक्रम अंतरवाली सराटीला होता. तातेरावाचा थोरला भाऊ भिवा म्हणाला, पेटी माझ्याच हातात द्या, तुम्ही पाडाल. आणि बैलगाडीतून उतरताना त्यानेच ती पाडली. मधल्या सप्तकातली एक पांढरी पट्टी तेव्हापासून मुकी झाली. कितीही दाबा, आवाज नाही. वाड्यातली पोरं तिला 'मुकी' म्हणत.

त्या दिवशी ह्याच चालीचं गाणं तसंच म्हटलं गेलं. तातेरावाचं बोट मुकीवर पडलं, सगळ्यांनी क्षणभर वाट पाहिली, बोलते का बघू म्हणून. ती काही बोलली नाही. मग घाबरलेल्या भिवाने भोक बुजवायला टाळी मारली. पुढच्या कडव्याला सगळ्यांनीच मारली. पुढे तो रिवाजच झाला. मुकी आली की थांबायचं, मग टाळी. पण भिवाच्या मनातून ते गेलं नाही. भावाला मी मोडकी पेटी दिली, हे त्याने सतरा वर्षं दुखऱ्या दातासारखं जपलं.

गाडी वाड्यात शिरली तेव्हा निरोप मिळून सगळी पार्टी सतरंजीवर तयार बसली होती. मधोमध पेटी, तिच्यावर झेंडूचा हार. भिवाच्या अंगावर इस्तरीचा सदरा. बाजूला त्याची बायको गिरिजाबाई. पार्टीचा मुख्य गळा तिचाच.

"ताते, आधी पेटी बघ," भिवा म्हणाला. त्याचे डोळे लकाकत होते. "शूटिंग येणार म्हणून कळलं अन् म्या जालन्याला तीन खेपा केल्या. मांडीवर घेऊन गेल्तो, मांडीवर घेऊन आल्तो. कारीगर म्हणला, एकदम फस्ट क्लास करतो. दाब, मुकी दाब!"

तातेरावाने दाबली. मुकी बोलली. चांगली गोड, खणखणीत बोलली. वाड्याने टाळ्या वाजवल्या, भिवाने उपरण्याने डोळे पुसले. तातेरावालाही भरून आलं. त्याने भावाचे पाय धरले आणि गाणं सुरू केलं.

*पाण्याला सांगितलं, वाऱ्याला कोण सांगंल...*

गिरिजाबाईचा गळा तोच होता, ढोलकी तीच होती. मुकीची जागा आली, मुकी बोलली, गाणं सरळ पुढे गेलं. कोणी थांबलं नाही. टाळी पडली नाही. पडणार कशाला? भोकच उरलं नव्हतं. पात्रात आपटलेलं गाणं आता सतरंजीवर आपटत होतं. काकासाहेबांनी घड्याळ बघितलं.

आणि तातेरावाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुंबईत नोटेशन लिहून देताना त्या जागेवर तो स्वर त्याने स्वतःच भरला होता. सोळा व्हायोलिनवाल्यांसमोर कोणत्या तोंडाने सांगायचं, की आमची पेटी मोडकी होती म्हणून इथे काही नाही? लाज वाटली होती त्याला. ज्याची लाज वाटली तेच गाणं होतं, आणि ते त्याने आपल्या हाताने बुजवलं होतं.

त्याने भाता थांबवला. "दादा, काडी दे."

भिवाने काडेपेटीबरोबर विडीपण पुढे केली. "पावण्यांपुढं ओढतो का?"

"विडी नको. काडी." तातेरावाने काडी मोडली आणि मुकीच्या खाली खुपसली. पट्टी हलेना.

भिवाचा चेहरा पडला. "अरं, काय करून राह्यला? तीन खेपा केल्या म्या!"

"दादा, ऐक. सत्तावन साली तू पेटी पाडली न्हाईस. तू ही चाल बांधली. मी नुसती वाजवली. आज माझ्यासाठी तिला परत मुकी राहू दे."

भिवाला काही उमजेना. पण गिरिजाबाईला उमजलं. ती नवऱ्याला म्हणाली, "आवो, हात मोकळे ठिवा," आणि तिने सूर लावला.

*पाण्याला सांगितलं, वाऱ्याला...*

तातेरावाचं बोट काडीवर अडलं. सगळा वाडा थांबला. क्षणभर काहीच नाही. मग टाळी! तालावर नाही, तालाच्या किंचित मागून, बोलते का बघून झाल्यावरची. *कोण सांगंल?* पोरांनी मारली, म्हाताऱ्यांनी मारली. दुसऱ्या कडव्याला काकासाहेबांच्या ड्रायव्हरने गाडीच्या टपावर थाप मारली. तिसऱ्याला खुद्द काकासाहेबांनी घड्याळाचा हात उचलला आणि दणकून टाळी मारली.

"ही रुई!" ते ओरडले. "ही रुई कुठं लपवल्ती, तातेराव? ही सगळी माणसं मुंबईला पाहिजेत. पेटीसगट. काडीसगट!"

तसंच झालं. आठवड्याने स्टुडिओत गाणं नव्याने मुद्रित झालं. मुकीच्या जागी सोळा व्हायोलिनवाल्यांनी गज वर धरले आणि शहागडच्या अकरा जणांनी टाळी मारली. मुंबईच्या कोरसला ती जमत नव्हती. बिचारे तालात मारत.

पुढच्या हिवाळ्यात चित्रपट शहागडला आला. नदीकाठी तंबू पडला, पहिल्या खेळाला अख्खं गाव लोटलं. हमरस्त्यावर ट्रक उभे करून ड्रायव्हरही आत घुसले. तातेराव भावाशेजारी मातीत बसला होता. पडद्यावर अक्षरं आली : संगीत, तातेराव शहागडकर. तंबूत शिट्ट्यांचा असा कल्लोळ उठला की पुढची चार नावं कोणाला वाचताच आली नाहीत. तातेरावाने मात्र वाचली, कारण इतकी वर्षं खालच्या नावांतला माणूस तोच होता. मग तो पोरासारखा रडला. लाज वाटली नाही.

गाणं लागलं. *पाण्याला सांगितलं, वाऱ्याला...*

आणि तंबू थांबला. पाटलांच्या गल्लीतली माणसं थांबली, बाजारातले तांबोळी थांबले, ज्यांनी बौद्धवाड्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं तेही थांबले. मग आठशे हातांची टाळी पडली, तालाच्या किंचित मागून, अगदी बरोबर.

भिवा उभा राहिला. मागचे ओरडले, बसा, बसा, दिसत न्हाई. तो बसला नाही. पडद्याकडे पाठ करून, दोन्ही हात वर करून तो साऱ्या गावाला सांगू लागला, "पेटी म्या पाडल्ती! ऐकलं का? म्याच पाडल्ती!"