अथालचा मोडेम आणि चिंधाचा हात

मी एक मोडेम. सिल्वासाजवळच्या अथाल गावी एका कारखान्यात, टेलिफोनच्या शेजारी माझी जागा होती. जन्म तैवानचा, पण तिथलं मला खोक्यातलं थर्मोकोल तेवढं आठवतं. १९९६ साली मी इथे आलो. काम एकच: मुंबईचा नंबर फिरवायचा, पलीकडच्या मोडेमशी किंचाळून ओळख करून घ्यायची आणि दूरच्या संगणकाशी बोलणं जुळवून द्यायचं. माणसं कानांवर हात ठेवत. मला तो आवाज बरा वाटे.

कारखान्यात स्टीलच्या टाक्या बनत. विद्या मॅडम नाशिकच्या, रसायनशास्त्र शिकलेल्या. मालाची तपासणी त्यांच्याकडे. दर शनिवारी त्या माझ्यामार्फत मुंबईच्या कचेरीत आठवड्याचा अहवाल पाठवत. तो तिथे कोणी वाचत नसे. एकदा चुकून मागच्याच आठवड्याचा गेला, तर 'उत्तम' असं उत्तर आलं.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. चिंधा धुळ्याकडचा. वेल्डिंगचे काळे डाग ब्रशनं पुसून काढायचं त्याचं काम. त्यासाठीच्या रसायनाचं नवं पिंप नुकतंच आलं होतं. त्यावर कंपनीनं ठेवलेलं एक नाव आणि एक नंबर, बाकी काही नाही. चिंधाच्या हातमोज्याला भोक होतं.

दुपारी तो हात धरून ऑफिसात आला. हात जळतोय म्हणाला. हातावर काहीच नव्हतं, साधा लालपणाही नाही. सुपरवायझर सदाशिव म्हणाला, आखाजीच्या सणाला गावी जायची रजा परवा नाकारली, म्हणून हे सोंग. पुण्याहून आलेले मॅनेजर राजेंद्र सर यांनीही हात उलटसुलट करून पाहिला आणि काही नाही असं ठरवलं.

"मी खोटं नही बोली ऱ्हायनू," चिंधा म्हणाला. "आतून जळी ऱ्हायना."

तो रडत नव्हता. पण त्याचा सदरा घामानं पिळून काढावा इतका भिजला होता. विद्या मॅडमनी ते पाहिलं आणि त्याला जीपमधून सिल्वासाच्या एका डॉक्टरांकडे पाठवलं. अर्ध्या तासात डॉक्टरांचाच फोन आला. ते म्हणाले, वर काही दिसत नाही आणि दुखणं वाढतंय. पिंपात काय आहे ते कळल्याशिवाय मी देऊ काय? रसायन पुरवणाऱ्याला फोन लावला, तर नुसती घंटा वाजत राहिली. शनिवार होता.

मॅडमची मैत्रीण भक्ती अमेरिकेत शिकत होती. तिथल्या विद्यापीठाच्या संगणकावर रसायनांची माहितीपत्रकं आहेत, असं तिनं पत्रात पत्त्यासकट कळवलं होतं. मॅडमनी मला चालू केलं.

पहिल्यांदा मुंबई एंगेज. दुसऱ्यांदा लागली, पासवर्ड देतो न देतो तोच केबिनमध्ये राजेंद्र सरांनी त्याच लाइनवरचा रिसीव्हर उचलला, पुरवणाऱ्याला पुन्हा फोन लावून पाहायला. मी तुटलो. तिसऱ्यांदाही त्यांनीच तोडलं. मग मॅडमनी चहावाल्या कमळाबाईंना केबिनमधल्या फोनपाशी बसवलं. सरांचा हात पुन्हा पुढे आला, तसे बाईंनी दोन्ही तळवे रिसीव्हरवर ठेवले आणि म्हणाल्या, "मॅडमनी सांगितलंय." सर स्वतःच्याच केबिनमध्ये नुसते उभे राहिले.

चौथ्या खेपेला मी मुंबईत पोचलो, तिथून अमेरिकेत. तिथे अजून उजाडायचं होतं, पण संगणक जागा होता आणि त्यानं तुम्ही कोण म्हणून विचारलं नाही. मॅडमनी पिंपावरचं नाव आणि नंबर टाइप केला. अक्षरं ओळीओळीनं येऊ लागली. मी मंद आहे हे मला त्या दिवशी कळलं.

हायड्रोफ्लोरिक ॲसिड. मॅडम मराठी करत मोठ्यानं वाचू लागल्या: "सुरुवातीला कातडीवर काहीही दिसत नाही. वेदना मात्र असह्य असतात. ॲसिड आत हाडापर्यंत जातं."

सदाशिव दारात उभा होता. तो तिथेच पायरीवर बसला.

खाली उपाय होता: कॅल्शियम, मलमातून आणि इंजेक्शनमधून, लगेच. मॅडमनी मला तोडलं आणि फोन लावला. डॉक्टरांच्या कपाटात ती इंजेक्शनं होतीच.

हात वाचला. अंगठ्याचं नख मात्र परत नीट आलं नाही. चिंधाला रजा मिळाली, पुन्हा न मागता.

गावाहून आल्यावर तो ऑफिसात आला आणि त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"याले कसं समजनं, मना हात खरंच दुखस?"

"त्याला नाही समजलं," मॅडम म्हणाल्या. "त्यानं फक्त विचारलं. आम्ही तेवढंही केलं नाही."

त्यानंतर माहितीपत्रक आणल्याशिवाय कारखान्यात एकही पिंप उघडलं नाही. मॅडम ते मराठीत आणि हिंदीत लिहून पिंपावर चिकटवत. पहिला कागद चिंधानं चिकटवला.

आता माझ्या जागी चौपट वेगाचा मोडेम आहे आणि मी फाइलींच्या कपाटात. तक्रार नाही, तोही किंचाळतो, ते इथवर ऐकू येतं. आवाज आला की मी समजतो, कोणीतरी विचारतंय. मग निवांत पडून राहतो.