निळी ज्योत विझेपर्यंत

कापाच्या धुराड्यावरची हवा थरथरायची एकाएकी थांबली, तेव्हा मी खिडकीशी बटाटे सोलत होते. तिच्या घराकडं माझं लक्ष नव्हतं, असं मी कुणालाही शपथेवर सांगितलं असतं. दहा आठवडे आमचं बोलणं बंद होतं. पण खिडक्या समोरासमोर असल्यावर डोळे काय बांधून ठेवायचे?

कापा माझी धाकटी जाऊ. दीर गेल्यापासून एकटीच राहते. पानगळीच्या दिवसांत ती दुकानात चार बायकांपुढं म्हणाली, "आमची ग्लाशा घर नाही तापवत, आभाळ तापवते!" ग्लाशा म्हणजे मी; माझ्या चुलीची ऊब धुराड्यातून वाया जाते, असा टोमणा. झालं, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन नवऱ्याला बजावलं, "तिमोफेय, यंदा तिची लाकडं तिनंच फोडायची. तू कुऱ्हाडीला हात लावलास तर बघ." बिचाऱ्यानं ऐकलं.

घड्याळात पाहिलं. तिनं चूल पेटवून जेमतेम सव्वा तास झाला होता. एवढ्यात निखारे मरत नाहीत; म्हणजे तिनं धुराड्याची झडप लावली होती. निखाऱ्यांवर निळी ज्योत पळतेय तोवर धुराड्याची झडप लावायची नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. लावली की ऊब घरात कोंडून राहते खरी, पण तिच्याबरोबर विषही राहतं. ना धूर, ना वास. माणूस पेंगतो आणि परत उठत नाही.

"असेल काहीतरी," मी स्वतःशी म्हटलं. "आता गेले तर म्हणेल, आली बघा नाक खुपसायला."

एक बटाटा सोलला. मग दुसरा. तिची शेळी गोठ्यात ओरडायला लागली. या वेळेला कापा तिला चारा टाकते, हाडं गोठवणारी थंडी असो नाहीतर वादळ. शेळी काही थांबेना.

मी सुरी टाकली आणि अंगावर कोट न घालताच पळाले.

दार आतून बंद. "कापा! अगं ए कापा!" उत्तर नाही. तिमोफेय ओंडके आणायला रानात गेलेला. खिडकी फोडावी तर हिवाळ्याच्या दुहेरी काचा, हातानं कुठल्या फुटतात! कुऱ्हाडीसाठी तिच्या लाकडांच्या खोपटात शिरले. आत नुसते अख्खे ओंडके. फोडलेलं एकही लाकूड नाही, जमिनीवर चार ढलप्या. कुऱ्हाड एका ओंडक्यात अर्धवट रुतलेली. ती उपटून मी खिडकीकडं धावले.

दोन घावांत दोन्ही काचा गेल्या. आत उतरले, दार सताड उघडलं, झडप ओढून उघडली. आमच्याकडं थंडीत चुलीवरच्या उबदार विटांच्या ओट्यावर झोपतात; कापा तिथून खाली आली होती, पण दारापर्यंत पोचली नव्हती. काखेत धरून फरफटत तिला बाहेर काढलं. तोंडावर बर्फ चोळला, दोन सणसणीत थोबाडीत दिल्या.

"ऊठ गं! अशी जाऊ नकोस, कापा, माझ्या जिवाला घोर लावून जाऊ नकोस!"

किती वेळ गेला देव जाणे. शेवटी ती भडाभडा ओकली आणि तिनं डोळे उघडले. मी तिला माझ्या घरी आणून घोंगडीत गुंडाळलं.

"डोकं फुटतंय," ती पुटपुटली.

"फुटू दे! जिवंत आहेस म्हणून फुटतंय. निळी ज्योत दिसली नाही तुला? आंधळी झालीस?"

"दिसली."

"मग?"

"फोडलेली तेवढीच उरली होती. ती ऊब वर गेली असती तर संध्याकाळी काय जाळू? खांदा कामातून गेलाय, ओंडका फुटत नाही."

"मग हाक मारायची ना, मेले! मी काय तुला खाल्लं असतं?"

कापानं माझ्याकडं पाहिलं. आवाजात राग नव्हता, तेच मला सोसवेना.

"दोनदा आले होते तुझ्या फाटकापर्यंत. तू इथंच उभी होतीस. मला पाहिलंस आणि पडदा ओढलास."

दोन्ही वेळा मी तिला पाहिलं होतं.