प्लॅस्टिकमधला दाखला

मित्रांनो, मी एक जुना दाखला आहे. वय म्हणाल तर सहाच वर्षे, पण माझे आता दोन तुकडे झाले आहेत, म्हणून मी स्वतःला जुना म्हणवून घेतो. फेस शहरातली घिझलान शाळेची शेवटची मोठी परीक्षा पास झाली, तेव्हा माझा जन्म झाला. असा दाखला माणसाला एकदाच मिळतो. नव्यासाठी कचेरीत खेटे घालून चपला झिजतात.

घिझलानचे वडील बुश्ता चामड्याच्या सपाता शिवतात. त्यांच्या घराण्यात ही परीक्षा कुणीच पास झाले नव्हते. बोटांना लागलेला चामड्याचा पिवळा रंग मला लागू नये म्हणून त्यांनी तीनदा हात धुतले आणि मला तडक कोपऱ्यावरच्या अल्लालच्या झेरॉक्सच्या दुकानात नेले. अल्लालने मला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक चढवले.

"सी बुश्ता, आता शंभर वर्षं याला काही होत नाही!" तो म्हणाला. 'सी' म्हणजे आमच्याकडचे 'राव'.

मग मी बैठकीच्या भिंतीवर चढलो. पाहुणा आला की पुदिन्याच्या चहाआधी माझे दर्शन. खरे सांगतो, मला फार मिरवावेसे वाटे.

यंदा घिझलानला बेल्जियममध्ये औषधशास्त्र शिकायला प्रवेश मिळाला. तिने औषधाच्या दुकानात उभे राहून चार वर्षे पैसे साठवले होते. उरलेल्यासाठी तिच्या आईने, रहमाने, हातातल्या सात बांगड्या मोडल्या. बँकेचा कागद झाला. जन्माचा उतारा तीन महिन्यांत शिळा होतो, म्हणून तो दोनदा काढला. राहिला होता फक्त माझ्यावरचा सरकारी शिक्का.

कचेरीच्या खिडकीतल्या बाईंनी मला उलटसुलट पाहिले. "अगं, शिक्का कुठं मारू? शाई बसायची नाही यावर. मूळ कागद आण."

"हाच मूळ आहे."

"मग हे प्लॅस्टिक कुणी चढवलं?"

वडील शेजारीच उभे होते. घिझलानने त्यांच्याकडे पाहिले नाही. "चढवलं कुणीतरी," ती म्हणाली.

घरी रहमा मात्र गप्प बसली नाही. "भिंतीवर पोरीचा फोटो लावायचा सोडून कागद लावला! आता बसा त्याच्याकडे बघत!"

बुश्ता उठले. घिझलान कामावर गेली होती. "चामड्याचे थर रोज सोडवतो मी," ते पुटपुटले, "हे काय अवघड?" माझ्यावर फडके घालून त्यांनी इस्त्री फिरवली आणि नखाने प्लॅस्टिक उचलले. सुरुवातीला ते छान सुटत गेले. मग ट्रर्र आवाज झाला. परीक्षा खात्याच्या साहेबांची सही आणि घिझलानचे अर्धे नाव प्लॅस्टिकबरोबर निघून गेले. बुश्तांनी माझ्यावर हळूच फुंकर घातली, लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालतात तशी. ते पाहून माझ्या जिवाचे पाणी झाले.

दुसऱ्या दिवशी दोघे बापलेक माझे तुकडे घेऊन नव्या दाखल्याचा अर्ज करायला गेले. अर्जात एक रकाना होता, जुना कशाने खराब झाला? घिझलानने पटकन काहीतरी लिहिले.

बुश्तांना वाचता येत नाही. "काय लिहिलंस?"

"घरात पाणी शिरलं म्हणून."

"खोड ते. पाण्यावर कशाला ढकलतेस? लिही, बापानं केलं."

"बाबा, राहू द्या ना..."

"लिही म्हणतो ना!"

तिने लिहिले. लिहिताना तिला अक्षर दिसत नव्हते, इतके डोळे भरले होते.

मित्रांनो, कॉलेज उघडायला सहा आठवडे आहेत आणि कचेरी म्हणते, आठ लागतील. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला साध्या पाकिटात, कोरड्या जागी ठेवा. त्याला मिरवू नका, त्याच्याकडून काम करून घ्या. आणि या कचेरीत तुमच्या ओळखीचे कुणी असेल, तर माझा एवढा निरोप द्या. मी रद्द झाल्याशिवाय नवा दाखला निघत नाही, आणि रद्द व्हायला मी एका पायावर तयार आहे. फक्त लवकर करा.