पडद्याचा सूर

मृणालिनीला पहिल्यांदा जाणवलं ते एवढंच, की ध्वनिमुद्रणात तिचा खोकला नव्हता.

भोईवाड्यातल्या तिच्या घराच्या आतल्या खोलीत, भिंतींना गोधड्या लावून, ती पुस्तकं वाचून मुद्रित करायची. बऱ्याच वर्षांचा तो तिचा व्यवसाय होता आणि तिच्या आवाजाला नाव होतं. त्या आठवड्यात घसा धरला होता. तिसऱ्या पानावर तर असा ठसका लागला होता, की डोळ्यांत पाणी आलं, वाक्य अर्धवट सोडून ती घोटभर कोमट पाणी प्यायली आणि मग तिनं ते पहिल्यापासून पुन्हा वाचलं. दुपारी जेवण उरकून ती ऐकायला बसली, तेव्हा तेच वाक्य कुठेही न अडखळता, एका श्वासात, सुरेख निघून गेलं.

"तू खोकला काढून टाकलास का रे?" तिनं बाहेर येऊन नवऱ्याला विचारलं.

"कुठला खोकला?" हितेंद्र पेपरातून मान वर न करता म्हणाला. "मी हातही लावलेला नाही."

हितेंद्र महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायचा, आणि जुने मायक्रोफोन दुरुस्त करणं हा त्याचा सुट्टीतला नाद होता. ती सध्या ज्याच्यासमोर वाचत होती, तो त्यानं गिरगावातल्या एका मोडीत निघालेल्या नाट्यगृहाच्या अडगळीतून आणलेला, जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीचा, नारळाएवढा, हातात घेतला तर मनगट वाकेल इतका जड. बसवला त्या दिवशी त्यानं तिला मोठ्या हौसेनं सगळं समजावून सांगितलं होतं.

"आत पातळ पत्र्याचा घुमटासारखा पडदा आहे. त्याला तारेचं वेटोळं चिकटवलंय, आणि ते लोहचुंबकाच्या फटीत अधांतरी. तू बोललीस की पडदा हलतो, त्याच्याबरोबर वेटोळं हलतं, आणि तेवढ्या हलण्यातून वीज तयार होते. बाहेरून काही द्यावं लागत नाही."

"मग अवघड काय त्यात?"

"अवघड पडदाच. त्याला स्वतःचा सूर असतो. आपण काहीही बोललो तरी तो आपला सूर त्यात मिसळतो. तो गप्प करायला त्या लोकांनी काय काय केलं बघ. मागे ही बारीक नळी, ही फट, आणि हवा गाळून जावी म्हणून रेशमाचं कापड. जुनं रेशीम पार कुजलं होतं. तुझ्या एका ब्लाऊजचं लावलंय."

"कुठल्या?"

"लग्नातला तो. फाटलाच होता गं."

ती क्षणभर रागावली होती आणि मग हसली होती.

खोकल्याचं तिनं मनावर घेतलं नाही. पण दोन-तीन दिवसांनी, नदीकाठच्या एका प्रवासाचं वर्णन वाचताना तिच्या तोंडून 'पैलतीर'ऐवजी 'ऐलतीर' निघून गेलं. चूक तिच्या तिथेच ध्यानात आली. खूण करून ठेवावी म्हणून तिनं ते वाक्य लगेच ऐकलं, तर तिचाच आवाज स्वच्छ, ठाम म्हणाला, 'पैलतीर'. तिनं पुन्हा ऐकलं. मग खुर्चीवरून उठून दारापाशी गेली. दाराबाहेरच्या पलंगावर तिचे वडील, अण्णा, पानाचा डबा उघडून बसले होते. लालबागची चाळ पाडायला घेतल्यापासून ते लेकीकडेच राहत होते.

"अण्णा, आत्ता मी काय वाचलं? ऐलतीर की पैलतीर?"

"पैलतीर म्हटलंस गो. कित्याक?"

ती खोलीत परतली. 'ऐ' म्हणताना गालाला पडलेला ताण तिला अजून जाणवत होता.

त्यानंतर ती मोजूनमापून बोलू लागली आणि बोललेलं मनात घोकत राहू लागली. आपण थकलोय, वयाबरोबर कान आणि जीभ यांचं सूत जरा सुटतं, असं तिनं स्वतःला समजावलं. आणि मग तो चहाचा प्रसंग घडला. मुद्रण चालू असताना अण्णांनी दार लोटून तिसऱ्यांदा विचारलं, "चाय ठेवू काय?" आणि तिचा तोल गेला. "अण्णा, जरा गप्प बसा हो! तुमच्यामुळे एक ओळ धड होत नाही माझी!" दार हळूच मिटलं. तिला लगेच स्वतःची लाज वाटली. ती ओळ पुसून टाकावी म्हणून तिनं मागे नेऊन ऐकली.

'अण्णा, दहा मिनिटं थांबाल? मग आपण दोघं मिळून चहा घेऊ.'

आवाज तिचाच होता. तिच्या आवाजात इतका लडिवाळपणा तिनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. ती बाहेर धावली, तर अण्णा दोन कप समोर घेऊन, त्यांवर बश्या झाकून, तिची वाट बघत बसले होते.

"थांबलंय मां," ते प्रसन्न हसून म्हणाले.

तिनं चहा घेतला. अण्णा देवळाच्या कट्ट्यावरच्या गप्पा सांगत होते, त्यांचा दोस्त कोंडीराम काय म्हणाला ते सांगत होते, आणि त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावरचा आनंद इतका खरा होता, की खरं काय ते सांगून तो मोडायचा तिला धीर झाला नाही.

खरं तर ते पुढचे काही दिवस घरात फार सुखाचे गेले. तिनं भाजीवरून टोमणा मारला की हितेंद्र विरघळल्यासारखा बघायचा. ती वैतागून काही बोलली की अण्णा मान डोलवायचे. त्यांना नेमकं काय ऐकू गेलं हे विचारायची आता तिला भीती वाटायची. रात्री दिवा मालवायच्या आत ती आतल्या खोलीचं दार घट्ट लावून घ्यायची आणि सकाळी ते उघडायचं लांबवायची.

शुक्रवारी तिच्या धाकट्या भावाचा, दीपकचा, कणकवलीहून फोन आला. त्यानं तिकडे घर बांधलं होतं. अण्णांना कायमचं न्यावं, असं त्याच्या मनात होतं. दिवसभर ते दोघं नवराबायको कामावर, अण्णा त्या रिकाम्या घरात कुणाशी बोलणार, या वयात कुणाच्या कट्ट्यावर बसणार, हे तिला दिसत होतं, आणि अण्णांनीही तिला एकदा बजावलं होतं, "माका खंय धाडू नको गो." फोन आला तेव्हा ती आतल्या खोलीत, मायक्रोफोनजवळच होती. फोन घेऊन बाहेर यावं हे तिला सुचलं नाही.

"नाही, दीपक," ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "अण्णा इथेच राहतील. माझ्याजवळ."

पलीकडून दीपक हळवेपणानं म्हणाला, "ताई, तुझं मन खरंच मोठं आहे."

रविवारी सकाळी तो गाडी घेऊन दारात उभा राहिला. अण्णांची बॅग भरलेली होती. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि पानाचा डबा मांडीवर धरून ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते.

"हे काय?" मृणालिनी म्हणाली. "मी नाही म्हणाले होते. दीपक, मी नाही म्हणाले होते तुला!"

दीपक हसला. "हो गं ताई, औषधं वेळेवर देऊ. नको काळजी करू."

तिनं हितेंद्रकडे पाहिलं. तो मायेनं तिच्याचकडे बघत होता. आतल्या खोलीचं दार बंद होतं. ते तिनं स्वतः लावलं होतं.

ती अण्णांच्या समोर गुडघ्यांवर बसली. त्यांचे दोन्ही हात धरले. "अण्णा, जाऊ नका. मी तुम्हाला पाठवत नाहीये. ऐकू येतंय का तुम्हाला? जाऊ नका!"

अण्णांचे डोळे भरून आले. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"माका जावचा नव्हता," ते हळूच म्हणाले. "पण तू इतक्या मायेन समजावतंस, मगे मी नाय कसा म्हणू?"

गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ती खिडकीत ओरडत होती. खालच्या बायका तिच्याकडे बघून कौतुकानं हात हलवत होत्या.

मग ती आतल्या खोलीत गेली आणि मायक्रोफोनची तार उपटून काढली. उपटल्यावर तिला आठवलं, की याला बाहेरून काही द्यावं लागतच नाही. तिनं तो गोधडीत गुंडाळला, कपाटात घातला, कपाटाला कुलूप लावलं, आणि हितेंद्रसमोर उभी राहून म्हणाली, "ते यंत्र आजच्या आज घराबाहेर काढ. मला भीती वाटते."

हितेंद्रनं तिचा हात हातात घेतला. "तुला इतकं आवडलंय, तर ठेवू या की कायमचं."

यापुढे बोलायचंच नाही, असं तिनं ठरवलं. तोंडातून शब्दच बाहेर पडला नाही, तर बदलणार काय? ती पलंगावर जाऊन बसली, ओठ घट्ट मिटले आणि वर तळहात दाबून धरला. अण्णांच्या उशीला अजून काताचा वास येत होता. दुपार कलली. स्वयंपाकघरात हितेंद्र भांडी घासत होता, नळ वाहत होता.

नळ बंद झाला.

"काय म्हणालीस?" त्यानं आतून विचारलं.

तिनं तळहात आणखी दाबला. दात ओठांत रुतले.

"हो, मलाही चुकल्याचुकल्यासारखं होतंय," हितेंद्र म्हणाला. मग थांबला. "नाही गं, तू योग्यच केलंस." पुन्हा थांबला, या वेळी बराच वेळ, आणि मग मोकळेपणी हसला. त्याच्या बोलण्यात मध्येमध्ये जागा सुटत होती, आणि त्या जागेत तो मन लावून ऐकत होता.