सराव माझ्यावर, सफर तिच्यावर

मित्रांनो, मी एक जुनी पायडल बोट आहे आणि माझा स्वभाव जळका आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नावं ठेवायला नको. हडपसरच्या बाजूला एका बागेत छोटं तळं आहे, तिथे मी राहते. पुढे हंसाची मान, मागे दोन जणांची बैठक, खाली चार पायडलं. चोच एका मुलाने लोंबकळून मोडली, तेव्हापासून लोक मला बदक म्हणतात. त्याचं मला फार वाटत नाही. मी जळते ती एका अकरा मजली क्रूझवर, आणि तिला मी अजून पाहिलेलंसुद्धा नाही.

माझा जन्म फायबरच्या कारखान्यात झाला. टेंपोत उताणी पडून मी इथे आले. पहिल्या दिवशी मला हार घातला, नारळ फोडला, आणि खोबऱ्याचा एक तुकडा माझ्या पायडलात अडकला. तो अल्लाबक्षभाईंनी काढला. तेव्हापासून तेच माझी देखभाल करतात. गळ्यात शिट्टी, हातात बोट ओढायची आकड्याची काठी. तेव्हा रविवारी रांग फाटकापर्यंत जायची. मुलं उतरताना रडायची, आणि ते ऐकून मला बरं वाटायचं. पुढे मॉल आले, खेळायची नवी ठिकाणं आली. रांग आटली, माझा रंग उडाला, डाव्या अंगाला तडा गेला. आता लोक येतात ते माझ्यासमोर उभं राहून फोटो काढायला. बसत कुणी नाही.

अशा पडत्या काळात हिंदुराव आणि विजयमालाबाई आले. नवरा-बायको, दोघंही साठीच्या आसपासचे. हिंदुराव कंपनीतून नुकतेच निवृत्त झाले होते. सुटलो की जहाजाने फिरायचं, असं ते वीस वर्षं म्हणत आले होते. मुंबईहून गोवा, तिथून लक्षद्वीप आणि परत. तिकिटं काढून झाली होती. अडचण एकच होती. विजयमालाबाई नऊ वर्षांच्या असताना धुणं धुता धुता कालव्यात पडल्या होत्या, आणि त्यानंतर त्यांनी पाण्यात पाऊल म्हणून टाकलं नव्हतं. त्या गेल्या नाहीत तर हिंदुरावही जाणार नव्हते.

"म्हटलं, आधी हितं बसून बघावं," बाई अल्लाबक्षभाईंना म्हणाल्या. "सवय झाली तर जहाजावर जाईन. न्हाई झाली तर ऱ्हायलं."

म्हणजे शिकवणी मी घ्यायची आणि पेढे दुसरीने खायचे. चोच मोडलेली असली तरी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

अल्लाबक्षभाईंनी बाईंना केशरी जॅकेट चढवलं, पट्टे कसे आवळायचे ते दोनदा दाखवलं. मग म्हणाले, "ताई, आधी हात घाला पाण्यात. ओळख झाली की भीती कमी होते." बाईंनी एक बोट बुडवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. दोन्ही हातांनी माझी कड घट्ट धरून त्या बसून राहिल्या.

त्यानंतर दर रविवारी दोघं यायचे. हिंदुराव पायडल मारता मारता खिशातलं माहितीपत्रक काढून मोठ्याने वाचायचे. "ऐक. जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली कमी हलते. मी तीच घेतलीय." "सकाळपासून रात्रीपर्यंत खाणं चालू असतं." "वरच्या मजल्यावर पोहायचा तलाव आहे." आता मला सांगा, समुद्रात जायचं आणि तिथे टाकीत डुंबायचं, याला काय म्हणावं? रोज संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रमही असतो म्हणे. आमच्याकडे करमणुकीला एक बगळा आहे. तो बिचारा वेळेवर तरी येतो.

हे सगळं ते माझ्यात बसून वाचत, याचा मला जास्त राग यायचा.

चौथ्या रविवारी वारा सुटला. बाईंची भीती तोवर बरीच कमी झाली होती. एक हात कडेवरून सुटला होता, त्या हाताने त्या शेंगा सोलत होत्या. मी मनात म्हटलं, ही आता जाणार. ही त्या भवानीच्या अकरा मजल्यांवर चढणार आणि मला विसरणार. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला सावरता आलं असतं. मी सावरलं नाही. मी चांगली दोनदा हेलकावले. शेंगा पाण्यात गेल्या आणि बाई किंचाळल्या. काठाला लागताच त्या उतरल्या. "तिकिटं रद्द करा," एवढंच म्हणाल्या आणि मागे न बघता चालू लागल्या.

त्या दिवशी मी फार खूश होते. शेजारच्या बोटीलाही मी ते ऐकवलं.

पुढच्या रविवारी हिंदुराव एकटेच आले. अल्लाबक्षभाईंनी विचारलं, "ताई नाही आल्या?" ते म्हणाले, "नाही. उद्या रद्द करायला जायचंय. म्हटलं, एक चक्कर मारून घ्यावी." ते उजव्या जागेवर बसले. एकाच बाजूला वजन आलं की मी कलते. तशीच तिरकी मी तळ्याच्या मध्यावर गेले. तिथे त्यांनी पायडल थांबवलं. खिशातून माहितीपत्रक काढलं, उघडलं नाही, नुसतं हातात धरून बसले. वीस वर्षांची हौस मी दोन हेलकाव्यांत बुडवली होती. मला माझीच लाज वाटली, पण बोटीला माफी मागता येत नाही.

तेवढ्यात काठावरून आवाज आला. बाई घरी राहते म्हणाल्या होत्या आणि मागोमाग आल्या होत्या.

"अल्लाबक्षभाई, त्यांना माघारी बोलवा. एका अंगाला झुकलीया, पडतील ते."

शिट्टी वाजली. हिंदुराव काठाला आले. बाईंनी जॅकेट स्वतःच चढवलं, पट्टे आवळले आणि डाव्या जागेवर येऊन बसल्या. मी सरळ झाले.

"अगं, भीती वाटत असेल तर राहू दे," हिंदुराव म्हणाले.

"वाटतीया की. पण तुम्हाला एकट्याला असं वाकडं बसलेलं मला बघवंना. चला, मारा पायडल."

त्या दिवशी वारा होता. मी माझा सगळा जीव एकवटून स्थिर राहिले.

तिकिटं रद्द झाली नाहीत, दोघं जहाजावर गेले. तीन रविवार माझी बैठक रिकामी होती आणि मी जळत होते. चौथ्या रविवारी दोघं आले आणि बाई बसल्या बसल्या अल्लाबक्षभाईंना सांगू लागल्या. मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतल्या आणि संध्याकाळी खोलीत पोचवल्या. हेमाने, म्हणजे सुनेने, औषधं हातातल्या पिशवीत ठेवायला सांगितली होती म्हणून निभावलं. शेंगदाण्याची चटणी मात्र तपासणीत अडकली. खोलीची किल्ली म्हणजे एक कार्ड. जेवायला इतके प्रकार की बघूनच पोट भरावं. गोव्यात उतरलं तर दिलेल्या वेळेत परतायचं, जहाज कुणासाठी थांबत नाही. एकेका वाक्यागणिक माझा तडा रुंदावत होता.

"आणि निघायच्या आधी सगळ्यांना जॅकेट घालायला लावलं," त्या म्हणाल्या. "मी पहिली. शेजारच्या दोघींचे पट्टेबी मीच आवळले."

अल्लाबक्षभाई हसले. मीही जरा फुगले.

"सगळं चांगलं होतं, भाई. एक गोष्ट तेवढी न्हाई झाली." बाईंनी कडेवरून खाली पाण्याकडे पाहिलं. "पाणी लई खाली. चार दिवस नुसतं वरनं बघायचं. हात कुठं लावता येतोय?"

मित्रांनो, तुम्हीही क्रूझवर जरूर जा, मी आडवी येणार नाही. पण आपल्या गावातल्या लहान बोटींना विसरू नका. आमच्या मानेला लोंबकळू नका, तडा दिसला तर सांभाळणाऱ्याला सांगा, आणि अधूनमधून येऊन नुसते बसा. मला अजूनही तिचा हेवा वाटतो. तो काही जायचा नाही.

पण त्या दिवशी विजयमालाबाई माझ्या तडकलेल्या बाजूने वाकल्या आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. मी बरीच कलले. त्यांनी दुसऱ्या हाताने माझी कड धरलीसुद्धा नाही.