मला घाबरवायचं नाही असं ठरलं होतं

मेंदूकडून निघालेल्या नसा अंडाशयापर्यंत पोचतात, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि घरच्यांनी माझं जिणं हराम केलं.

त्या एवढंच म्हणाल्या होत्या, की माणूस वर्षानुवर्षं धास्तावलेलं राहिलं तर त्या नसांना उसंत मिळत नसावी, अंडाशय लवकर म्हातारं होण्यात त्यांचाही हात असावा. उंदरांत तसं दिसलंय, माणसांचं अजून नक्की ठाऊक नाही. नवऱ्याने घरी सांगताना उंदीरही गाळले आणि 'नक्की ठाऊक नाही'सुद्धा गाळलं. मी अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेते, दिवसभर कानात लोकांच्या किंकाळ्या. वय चौतीस, अंडाशय म्हणे पंचेचाळिशीचं. झालं! मला रजेवर बसवलं. सासूबाई दारावरची बेल काढून मोकळ्या झाल्या. घरात बातम्या बंद, भांडणं बंद. मग मला भीतीचीच भीती वाटायला लागली. छातीत धडधडलं की वाटायचं, गेलं, आणखी एक स्त्रीबीज गेलं.

मूल व्हावं म्हणून बीजं बाहेर काढायची ठरली होती, त्या दिवशी मी दवाखान्याचा गाऊन घालून खाटेवर बसले होते. परवा रात्री शेवटचं इंजेक्शन झालं होतं. आता वेळेवर काढली नाहीत तर ती आपोआप सुटून वाया जाणार, आणि पुन्हा इतकी येतील याची खात्री नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

तेवढ्यात आईचा फोन. "बरी आहेस ना गं? काही नाही, सहजच. शेजारच्या काकांचं तोंड जरा वाकडं झालंय. हात उचलत नाही. पाणी द्यावं का?"

"पाणी अजिबात नको, घशात अडकेल! अँब्युलन्स बोलावली का? कधीपासून?" मी एका दमात सुरू झाले, सवयच ती.

"दोनेक तास झाले. चहा घेताना हातातून कप पडला."

"आणि घरातले काय झोपा काढत होते?"

मागून खोकला ऐकू आला. तो खोकला मी हजारांत ओळखेन.

"आई, बाबा आहेत ना ते?"

"तुझं काम झालं की सांगणार होते गं!" ती रडायलाच लागली. "तुला घाबरवायचं नाही म्हणाले होते ना सगळे. हेही खुणेने नको नको म्हणत होते."

पक्षाघाताचा झटका आला की मिनिटाचाही उशीर नको, हे मी परक्यांना घसा फोडून सांगते. आणि माझ्या आईने माझ्या बीजांपायी दोन तास घालवले.

मी कंट्रोल रूमला फोन लावला. ज्या घरात वाढले त्याचा पत्ता सांगता येईना. माझ्या जागेवर बसलेल्या मुलीनेच दरडावलं, "ताई, आधी श्वास घ्या, मग बोला." कसाबसा सांगितला. मग बाहेर बसलेल्या नवऱ्याला बोलावून म्हटलं, "पळ तिकडे. भूल उतरून मला शुद्ध आली की जे असेल ते सांगायचं. लपवलंस तर बघ!"

"अगं, पण तुझं टेन्शन..."

"खड्ड्यात गेलं टेन्शन!"

डॉक्टरीणबाई आल्या तशी मी विचारलं, "मी घाबरले. गेली का सगळी बीजं?"

"आजच्या घाबरण्याने नाही हो जात. आणि घरातलं आजारपण लपवा असं मी कुणाला सांगितलं?" त्यांचा आवाज चढला, मग उतरला. "थांबायचं की करायचं? थांबलात तर ही हातची जातील."

मला पळत सुटायचं होतं. तरी मी आडवी झाले, आणि स्वतःचा इतका राग आला की सांगता सोय नाही.

शुद्धीवर आले तेव्हा नर्स म्हणाली, तीन मिळाली. मी म्हटलं, आधी फोन द्या. नवऱ्याने काही लपवलं नाही. बाबांच्या जिवावरचं निभावलं होतं. पण यायला उशीर झाला, उजवी बाजू आणि बोलणं कितपत परत येईल ते सांगता येत नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले होते. त्याने फोन बाबांच्या तोंडाशी धरला. नुसते घोगरे, ओले आवाज आले. मला एक अक्षर कळलं नाही.

"विचारतायत, घाबरलीस का," आई मागून म्हणाली. तिला खरंच कळलं, की तिनेच ते जोडलं, देव जाणे.

"हो बाबा," मी ओरडले, "खूप घाबरलेय. खूप." आणि दवाखाना दणाणून जाईल इतकी रडले.